थंड गळ्याचे दोन शब्द

१

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास निंबा खैरनार धुरपदाअक्कांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी होता. सदऱ्याचा खिसा फाटून लोंबत होता. अक्का डाळीला फोडणी देत होत्या. त्यांनी आधी स्टोव्ह बंद केला, मग पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि तो पाणी पिईपर्यंत एक शब्द विचारला नाही. अठ्ठावीस वर्षं भुसावळ जंक्शनवर गाड्यांच्या घोषणा केलेली बाई. पक्की खबर हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

धुरपदाबाई बिऱ्हाडे धुळ्यात गल्ली नंबर सहामध्ये माडीवरच्या दोन खोल्यांत राहत आणि आवाजाचे वर्ग घेत. गाणं नव्हे हो, बोलणं. थिएटरात मध्यंतराला लागणाऱ्या जाहिराती, बियाण्यांच्या कंपन्यांच्या कॅसेटी, रिक्षातून फिरणाऱ्या घोषणा, हे सगळं ज्यांच्या गळ्यातून निघायचं ती चार-पाच मंडळी अक्कांच्या हाताखालून गेलेली. निंबा त्यांतला सगळ्यात गुणी. अक्का हे त्याला कधी तोंडावर बोलल्या नाहीत, कारण कौतुकानं गळा सैल पडतो असं त्यांचं मत होतं.

झालं होतं ते असं. रविवारी नगरपालिकेचं मतदान. यंदा इथला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि शिवणक्लास चालवणाऱ्या पुष्पाबाई देवरे उभ्या राहिल्या. निशाणी शिलाई यंत्र. त्यांच्या प्रचाराचा आवाज निंबाचा. पंधरा दिवस उखर्डूच्या रिक्षावरून तो आवाज गल्लोगल्ली फिरत होता, पोरंसोरं त्याची नक्कल करत होती. आणि आज सकाळी आठला त्याच रिक्षातून, त्याच भोंग्यातून, त्याच आवाजात घोषणा सुरू झाली: "मतदार बंधू-भगिनींनो, पुष्पाबाई देवरे यांनी आपली उमेदवारी मागे घेतली आहे."

तासाभरात वॉर्डभर बोभाटा झाला. लोकांनी रिक्षा अडवली, भोंगा फोडला, उखर्डूला बदडलं आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या निंबाला कॉलर धरून उठवलं. आवाज कितीला विकलास, एवढंच जो तो विचारत होता. पुष्पाबाईंचे दीर झुलालनाना मध्ये पडले म्हणून तो हातीपायी धड सुटला. पण सोडवतानाच नानांनी चारचौघांत सांगून टाकलं की उद्या संध्याकाळी पाचला प्रचार संपला की आपण पोलिसात निंबाविरुद्ध तक्रार देणार. पुष्पाबाईंनी त्याला दारातूनच हाकललं. थिएटरच्या मॅनेजरनं तर निरोपही धाडला होता, यापुढे येऊ नकोस म्हणून. ज्या माणसाजवळ आवाजाशिवाय दुसरं काही नाही, त्याचा आवाजच लोकांनी ओवाळून टाकला होता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "निंबा, भोंग्यातला आवाज कुणी नकलाकाराचा होता का?"

निंबानं मान खाली घातली. "नाही अक्का. आवाज माझाच होता. माझा आवाज मला कळत नाही होय? पण आईची शपथ, हे वाक्य मी जन्मात बोललेलो नाही."

२

उखर्डू घराच्या ओट्यावर डोक्याला हळद लावून बसला होता. अक्कांना बघून उठायला गेला आणि कण्हत परत बसला. त्याचं म्हणणं सरळ होतं. सकाळी रिक्षा काढायला गेला तर पुढच्या सीटवर कॅसेट पडलेली, वर पुष्पाबाईंच्या प्रचाराचा कागद गुंडाळलेला. रोज नवी कॅसेट अशीच यायची. त्यानं लावली आणि निघाला. भोंगा मागच्या बाजूला, खाली इंजिनाचा खडखडाट, आत काय वाजतंय ते ऐकतो कोण!

"अक्का, मी खोटं नई बोलस," तो म्हणाला. "बठ्ठा लोके मनावर तुटी पडनात. मनी काय चूक शे?"

सगळे माझ्यावरच तुटून पडले, माझी काय चूक, हे त्याचं गाऱ्हाणं ऐकत अक्कांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि कॅसेट मागितली. ती अजून रिक्षातल्या टेपमध्येच होती. भोंगा फुटला तरी टेप शाबूत होता. उखर्डूनं घरातला जुना स्पीकर आणून वायर जोडली. घोषणा संपली की पुन्हा तीच, अशी वीसेक वेळा भरलेली होती.

ओट्याभोवती माणसं जमली. त्यांना काही नव्यानं ऐकायचं नव्हतं, त्यांचा निकाल झालेला होता. शेजारचा म्हातारा तर निवाडाच देऊन मोकळा झाला. म्हणाला, बघा, पोरगं सगळं ठणठणीत बोलतं आणि नेमकं 'मागे घेतली' म्हणताना त्याचा आवाज पडतो. मनात पाप असलं की जीभ जड होतेच. बाकीच्यांनी माना डोलावल्या. निंबा भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या तोंडावर रंग उरला नव्हता.

अक्कांनी डोळे मिटून तेच वाक्य सात-आठ वेळा ऐकलं. म्हाताऱ्याचं एक खरं होतं. 'मागे' आणि 'घेतली' हे दोन शब्द खाली बसलेले होते, खरखरीत, झोपेतून उठल्यासारखे. पण लगेच पुढचा 'आहे' पुन्हा मोकळा, वर चढलेला. शरमेनं दाटलेला गळा एका शब्दात असा लख्ख होतो का? होत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ओट्यावरच्या कुणाच्या कानी आली नव्हती. प्रत्येक शब्दाआधी बारीक 'टक्' असा आवाज होता आणि त्यानंतर श्वास. एका श्वासात दोन वाक्यं बोलायला ज्याला अक्कांनी स्वतः शिकवलं, तो पोरगा दहा शब्दांच्या वाक्यात दहा वेळा श्वास घेत होता.

त्यांनी टेप बंद केला. जमलेल्या लोकांना वाटलं, म्हातारी हरली. अक्का निंबाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू हे बोलला आहेस. प्रत्येक शब्द तूच बोलला आहेस. फक्त उलटं बोललास, आणि ते उलटं बोलायला मीच तुला शिकवलं."

३

माडीवर परत आल्यावर अक्कांनी त्याला डाळ-भात वाढला आणि उलगडून सांगितलं. त्यांच्या वर्गाचा नियमच तसा होता. सकाळचा गळा म्हणजे थंडीतली राजदूत फटफटी, पहिल्या किकला सुरू होत नाही. म्हणून माइकपुढे जाण्याआधी तो तापवायचा. आधी ओठ मिटून हुंकार, नाकाच्या शेंड्यापर्यंत झिणझिण्या येतील असा. मग पोरं मोटार-मोटार खेळताना करतात तशी ओठांची फुर्र. मग दातांत पेन्सिल धरून बाराखडी. आणि शेवटी उलटवाचन.

हे उलटवाचन अक्कांनी स्वतः काढलं होतं. त्या दिवशीचा कागद घ्यायचा आणि शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे यायचं. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येकाआधी नवा श्वास. अर्थ मोडला की मन गप्प बसतं आणि फक्त तोंड काम करतं. डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, पाठ झालेला कागद तीन वेळा असा उलटा म्हणायचा. पहिल्या फेरीत सुरुवातीचे शब्द थंड निघतात, जाता जाता गळा उघडतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत सगळा कागद एकसारखा गरम होतो.

'मागे घेतली' हे शब्द निंबाच्या आठवणीत एकाच कागदात होते, मंगळवारच्या. तो अक्कांनी त्याच्याकडून म्हणून घेतला. त्यात सुरुवातीला होतं, मतदार बंधू-भगिनींनो, पुष्पाबाई देवरे यांनी आपली उमेदवारी तुमच्या भरवशावर दाखल केली आहे. आणि अगदी शेवटी होतं, ज्यांनी पाण्याची वचनं दिली आणि मागे घेतली त्यांना ओळखा, शिलाई यंत्रावर शिक्का मारा.

निंबाचा घास हातात राहिला. उलटं म्हणताना 'मागे' आणि 'घेतली' हे शब्द पहिल्या पाच-सहा सेकंदांत आलेले, थंड गळ्यानं. 'उमेदवारी' आणि 'आहे' शेवटाकडे, तापल्या गळ्यानं. कुणीतरी त्याचा रियाज टेप केला होता आणि सुटे शब्द उचलून हवं तसं वाक्य शिवलं होतं. पक्क्या घोषणेतून हे जमलं नसतं, कारण सलग बोलण्यात शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. रियाजात मात्र अक्कांच्या शिस्तीनं ते निवडलेल्या शेंगदाण्यांसारखे वेगळे ठेवलेले होते. हे मनात आलं तेव्हा अक्कांना स्वतःचाच राग आला. आपली विद्या आपल्याच पोराच्या गळ्याला फास झाली, आता तो सोडवल्याशिवाय अन्न गोड लागायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मंगळवारी निंबा स्टुडिओत रियाज करत होता तेव्हा खोलीत कोण कोण होतं? तर पहिला स्टुडिओचा मालक आधारभाऊ, काचेमागे मशीनवर. दुसरा वना, अक्कांचाच शिष्य आणि समोरच्या पार्टीचा आवाज. गावात स्टुडिओ एकच, त्यामुळे दोघांच्या वेळा पाठोपाठ असायच्या. तिसरे झुलालनाना. पुष्पाबाईंनी लिहिलेला कागद घेऊन ते त्या दिवशी पहिल्यांदाच स्टुडिओत आले होते. उखर्डू बाहेर रस्त्यावर रिक्षात, आणि मध्ये गादी ठोकलेलं जाड दार. निंबाचं तोंड भिंतीकडे आणि डोळे मिटलेले, म्हणजे मागे कोण काय करत होतं ते त्याला ठाऊक नाही.

"आधारभाऊच असणार," निंबा म्हणाला. "मशीन त्याचं, कात्री त्याची. अख्ख्या धुळ्यात टेप कापून जोडणारा दुसरा आहे कोण?"

४

आधारभाऊ कॅसेट ऐकून इतका संतापला की अक्कांना क्षणभर वाटलं, मशीन उचलून आपटतो की काय. त्याला राग आरोपाचा नव्हता, कामाचा होता. हे काय कापणं आहे, तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्यानं खणातून टेपची जोडलेली पट्टी काढून दाखवली. तो टेपच्या मोठ्या स्पूलवर ब्लेडनं तिरका काप घेऊन जोडायचा. निवेदकाचा श्वास कापून फेकणं हे तर त्याचं रोजचं काम. सांधा कानाला कळला तर गिऱ्हाईक उठून जाईल, असं त्याचं म्हणणं. ही 'टक्' त्याच्या मते घरगुती टेपच्या पॉज बटणाची होती. एक कॅसेट वाजवायची, दुसरीवर भरायची आणि शब्दाशब्दाला बटण दाबायचं.

अक्कांनी त्याचा शब्द नुसता खरा मानला नाही. पण श्वासांचा मुद्दा त्यांना पटला. तरबेज शिंपी मुद्दाम वाकडी शिवण घालेल, पण सुईला दोरा ओवता येत नाही असं सोंग त्याच्या हाताला जमणार नाही. आधारभाऊनं कापलं असतं तर त्या दहा श्वासांतले दोन-तीन तरी सवयीनं गेले असते. इथे एकही गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्या वनाकडे गेल्या. तो गळ्याला मफलर गुंडाळून खाटेवर बसला होता आणि हाक मारली तरी ओ देईना. निंबाशी त्याचं वाकडंच होतं, थिएटरचं काम निंबाला मिळालं तेव्हापासून. अक्कांना संशय आला. पण वनानं उशाखालून पाटी काढली आणि लिहिलं, 'मौन. घसा बसला. तुम्हीच सांगितलंय.'

मग पाटीवर जबानी सुरू झाली. कॅसेट तू केलीस का, असं अक्कांनी तोंडावर विचारलं.  वनानं मफलर सोडला, एक लांब श्वास घेतला आणि ते आख्खं वाक्य निंबाच्या आवाजात, निंबाच्या ठेक्यात, एका दमात म्हणून दाखवलं. स्वयंपाकघरातून त्याची आई निंबा आला का म्हणून डोकावून गेली.

अक्कांनी त्याला मौन मोडल्याबद्दल आधी झापलं आणि मग मनात नोंद केली. ज्याला हे असं येतं, तो शब्द कशाला वेचत बसेल? आणि वेचलेच, तर तीन फेऱ्यांतली तिसरी सोडून पहिली कशाला घेईल? थंड गळ्याचे शब्द ओळखू येतात हे वनाला चांगलं माहीत होतं, त्यानं त्यापायी अक्कांचे बोल खाल्ले होते.

इथेच त्या थांबल्या. पहिलीच फेरी का? चोरापाशी तिन्ही फेऱ्या असत्या, तर नुसत्या कानालाही तिसरी बरी वाटली असती. तिसऱ्या फेरीचा 'मागे घेतली' बसवला असता तर सगळं वाक्य एकसारखं ठणठणीत झालं असतं आणि अक्कांच्याही हाती काही लागलं नसतं. म्हणजे चोरापाशी पहिली फेरीच होती. पुढे आणखी दोन आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी पाटी पुसून वनापुढे धरली आणि विचारलं, मंगळवारी तिन्ही फेऱ्या कुणी कुणी ऐकल्या? वनानं लिहिलं, 'मी पूर्ण. आधारभाऊ पूर्ण.'  मग त्यानं खाली लिहिलं, 'नाना एक. पोरखेळ म्हणून चहाला गेले. काखेत पिशवी.'

५

पुष्पाबाईंच्या घरी शिवणक्लासच्या बायका पाटावर बसून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहीत होत्या. पण हात चालत नव्हते. दारोदार गेलं की लोक विचारत, बाई तर बसल्या ना? निंबाला अक्कांच्या मागे उभा बघून पुष्पाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी अक्कांना खुर्ची दिली आणि त्याला बस म्हटलं नाही. झुलालनाना मात्र हसून सामोरे आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं साखरेचं.

अक्कांनी तक्रारीचा विषयच काढला नाही. त्यांनी सोमवारच्या प्रचारसभेची चौकशी केली. सभा जोरात झाली म्हणतात, आपलं यायचं राहून गेलं. एका बाईनं हौसेनं सांगितलं की आधी नाना अर्धा तास बोलले, निवडून आल्यावर वहिनी घर बघतील आणि वॉर्डाचा सगळा कारभार आपण बघू असं त्यांनी लोकांना सांगितलं. मग पुष्पाबाई उठल्या आणि त्यांनी दोनच वाक्यं बोलून टाळ्या घेतल्या. वॉर्ड बायकांसाठी आहे, सही माझी राहील आणि निर्णयही माझाच राहील. नाना अजून हसत होते, पण त्यांचा पाय हलायला लागला होता.

"नानांचं भाषण मला ऐकायचं आहे," अक्का म्हणाल्या. "सभेत तुमचा टेप चालू असतो असं ऐकते. तुम्ही सभा टेप करता ना?"

पुष्पाबाईंनीच उत्तर दिलं. नाना सगळं टेप करतात. त्यांच्या पोरानं शारजाहून छोटा टेप आणि दोन कॅसेटींचा मोठा टेप पाठवला तेव्हापासून पिशवीत छोटा टेप असतोच. कुणी शब्द फिरवला तर पुरावा हवा, असं ते म्हणतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात दिराचा थोडा अभिमानच होता.

नाना म्हणाले, ती कॅसेट कुणीतरी नेली. मग म्हणाले, तुटली.  पुष्पाबाई एकदा दिराकडे, एकदा अक्कांकडे बघत राहिल्या. मग उठून आतल्या कपाटाकडे गेल्या. नानांच्या कॅसेटी तारखांच्या चिठ्ठ्या लावून ओळीनं ठेवलेल्या होत्या. सोमवारची तिथेच होती.

अक्कांचा हिशेब साधा होता. सोमवारच्या सभेनंतर कॅसेट अर्धी रिकामी उरली असणार. मंगळवारी नानांनी तीच घेतली असणार, आणि रियाज पुसून टाकायचं त्यांच्या मनात आलं तरी हात धजावला नसणार. बटण जरा चुकलं तर स्वतःचं अर्ध्या तासाचं भाषण गेलं असतं. नाना देवरे असं भाषण पुन्हा कुठे करणार होते?

मोठ्या टेपवर कॅसेट लागली. नानांचं भाषण झालं, पुष्पाबाईंची दोन वाक्यं झाली, टाळ्या झाल्या. मग खर्रकन आवाज बदलला. बंद खोली, कुणाचं तरी खाकरणं, आणि मग निंबाचा गळा, थंड आणि खरखरीत: "मारा... शिक्का... यंत्रावर... शिलाई... ओळखा... त्यांना... घेतली... मागे..."

खोलीतल्या बायकांच्या पेन्सिली थांबल्या. आवाज हळूहळू उघडत उघडत पुष्पाबाईंच्या नावावरून पार 'मतदार'पर्यंत आला आणि तिथे नानांचा स्वतःचा आवाज आला, हा काय पोरखेळ आहे म्हणून. पुढे काही नव्हतं.

६

नाना नाही म्हणाले नाहीत.  त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थकल्या माणसासारखे बोलले. वीस वर्षं वॉर्डात चपला झिजवल्या, तो राखीव झाला. भावजयीला उभी केली, तर तिनं चारचौघांत तोंडात मारली. मुद्दाम काही योजलं नव्हतं, टेप नेहमीसारखा चालू होता. चहा पिताना कानात ते सुटे शब्द वाजत राहिले आणि बुद्धी फिरली. कॅसेट भरताना त्या दोन शब्दांचा आवाज पडलेला त्यांनाही कळला होता, पण दुसरे आणणार कुठून? मग त्यांनी हात जोडले, आणि ते पुष्पाबाईंना नव्हे, अक्कांना. घरातली गोष्ट घरात राहू द्या. कॅसेट समोरच्यांनी केली असं आपण जाहीर करू. तक्रार देत नाही. पोरगाही सुटला, घरही वाचलं.

अक्कांनी निंबाकडे पाहिलं. तो तोंड उघडत नव्हता. पुष्पाबाईंचं मीठ खाल्लेला पोरगा, बाईच्या घराची अब्रू उघडी करा असं आपल्या तोंडानं कसं म्हणणार? अक्कांना त्याची फार कीव आली आणि तितकाच अभिमानही वाटला.

"पुष्पाबाई," अक्का म्हणाल्या, "समोरच्यांनी केली म्हणालात तर लोक म्हणतील, समोरच्यांनी निंबाकडून करून घेतली. आवाज त्याचा आहे हे लहान पोरालाही कळतं. तो कसा चोरला हे सांगितलं नाहीत, तर या पोराला जन्मभर कुणी माइकपुढे उभं करणार नाही. काय ते तुम्ही ठरवा. पाचला भोंगे बंद होतात."

पुष्पाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अडीच वाजले होते. त्यांनी नानांकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण नवरा गेल्यावर याच दिरानं त्यांना पहिलं शिवणयंत्र आणून दिलं होतं.  मग त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि निंबाला पहिल्यांदा म्हटलं, "बस रे. मी तुला काल दारातून हाकललं, ते माझं चुकलं."

आधारभाऊनं आपला भोंगा दिला. उखर्डूनं डोक्याला फडकं बांधून रिक्षा काढली आणि वायर तीनदा तपासली. कॅसेट लावायची नाही, माइकवर स्वतः बोलायचं, हे पुष्पाबाईंचं ठरलं होतं.  त्या जन्मात भोंग्यावर बोलल्या नव्हत्या. अक्का त्यांच्याशेजारी बसल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्यांच्याकडून हुंकार करून घेतला, ओठांची फुर्र करून घेतली. मागे चालणाऱ्या बायका हसू लागल्या, आणि मग त्यांतल्या दोघी-तिघी आपणही करू लागल्या. भीती अशीच घालवायची असते.

वॉर्डातल्या प्रत्येक चौकात रिक्षा थांबली. पुष्पाबाईंनी कागद घेतला नव्हता. त्या प्रत्येक ठिकाणी तेवढंच बोलल्या. मी पुष्पा देवरे बोलतेय, मी उभी आहे, मी मागे हटलेली नाही. कालची कॅसेट माझ्या दिरांनी केली, निंबा खैरनारच्या रियाजातले शब्द चोरून. घरातली लाज घरात झाकली असती तर दुसऱ्याच्या पोराची अब्रू गेली असती, म्हणून सांगतेय. पहिल्या चौकात त्यांचा आवाज दोनदा फाटला, चौथ्या चौकापर्यंत तो स्थिर झाला. माणसं दुकानांतून बाहेर आली. काही जण हसले, एकानं दिराला चव्हाट्यावर आणणारी ही कसली बाई म्हणून पिंक टाकली. पुष्पाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना रिक्षा मोठ्या चौकात आली. इथेच काल निंबाची कॉलर धरली होती. गर्दी सगळ्यात जास्त इथेच होती. पुष्पाबाई बोलल्या, आणि मग त्यांनी माइक निंबाच्या हातात दिला.

निंबा अक्कांकडे बघायला लागला. दहा वर्षं त्यानं गावातल्या प्रत्येक दुकानाचं, प्रत्येक बियाण्याचं, प्रत्येक पुढाऱ्याचं नाव भोंग्यावर घेतलं होतं. स्वतःचं कधीच घेतलं नव्हतं. घोषणा करणाऱ्याचं नाव नसतं, हे अक्कांनीच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. अक्कांनी आज मात्र मान हलवली.

"मी निंबा रामदास खैरनार," तो म्हणाला आणि थांबला. "हा आवाज माझा आहे."

चौकातल्या माणसांनी भोंग्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. निंबानं श्वास घेतला आणि एका दमात पुढचं सांगायला सुरुवात केली, रविवारी मतदान आहे, सकाळी लवकर या.